संगीताची वार्ता आणि संगीताची जाहिरात

(नभोवाणीवरील भाषण)

वृत्तपत्र उघडले म्हणजे गाण्याविषयीचा मजकूर दोन प्रकारचा आढळतो. एक चौकटीत छापलेला असतो. त्या जागेचे पैसे कोणीतरी मोजलेले आहेत हे छापणाऱ्याला ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही. दुसरा मजकूर चौकटीबाहेर असतो. अमक्या गावी तमक्या गायकाची मैफल रंगली, असे तेथे सांगितलेले असते. पहिल्या मजकुराकडे वाचक सावधपणे पाहतो आणि दुसऱ्यावर विश्वास टाकतो. पहिला जाहिरात आहे, दुसरा वार्ता आहे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खोटी ठरली तर कोणाचे काय बिघडते, या प्रश्नाचा विचार मी आज करणार आहे.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे आरंभी वाटण्याचा संभव आहे. धान्याचे भाव चुकीचे छापले तर शेतकऱ्याचे नुकसान होते, पण गाण्याची स्तुती जरा अधिक झाली तर कोणाच्या घरचे काय गेले, असे कोणी विचारील. मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. माझी ही समजूत कशी बदलली ते मी शेवटी सांगेन. तत्पूर्वी हा प्रश्न किती जुना आहे आणि अभ्यासकांनी त्याचा कसा विचार केला आहे, हे पाहणे उचित होईल.

संगीताविषयी नियमितपणे लिहिणाऱ्या नियतकालिकांचा मागोवा घेतला असता आपण जर्मनीतील लाइप्झिग शहरी येऊन पोहोचतो. तेथे १७९८ साली एक संगीतविषयक साप्ताहिक निघाले आणि त्याने पन्नास वर्षे युरोपातील रसिकांचे मत घडविले. त्याचे संपादक रोखलित्स हे विद्वान गृहस्थ होते. परंतु साप्ताहिकाचे मालक कोण होते? ब्राइटकॉफ आणि हेर्टल ही स्वरलिपीची पुस्तके छापून विकणारी पेढी! ज्या रचनांचे परीक्षण त्यात येई, त्यांपैकी अनेक रचना याच पेढीच्या दुकानात विक्रीस मांडलेल्या असत. म्हणजे संगीतसमीक्षा आणि संगीताचा व्यापार यांचा पाळणा एकाच घरात हलला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १८३४ साली रॉबर्ट शूमान या तरुण संगीतकाराने आणि त्याच्या मित्रांनी त्याच शहरात नवे नियतकालिक काढले. प्रकाशकांच्या छत्राखाली वाढलेल्या गुळमुळीत स्तुतीचा त्यांना वीट आला होता. परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. शोपँ याच्या प्रतिभेचा शूमानने केलेला पहिला गौरव १८३१ साली त्या पेढीच्याच साप्ताहिकात छापून आला होता. उलट १८५३ साली शूमानने आपल्या जुन्या नियतकालिकात ब्राम्स या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणाचे मुक्तकंठाने स्वागत केले. तो तरुण त्या वेळी त्याच्या घरी येत-जात होता, आणि या लेखानंतर लवकरच त्याच्या रचना ब्राइटकॉफच्या पेढीनेच प्रकाशित केल्या. शूमानची स्तुती प्रामाणिक होती आणि काळाने ती खरीही ठरविली. तथापि तिचा परिणाम जाहिरातीसारखाच झाला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्तुतीने माल खपला एवढ्यावरून ती जाहिरात ठरत नाही. ती कोणाच्या सांगण्यावरून आणि काय ऐकून लिहिली गेली, यावर सर्व अवलंबून आहे.

आता आपल्याकडे वळू. संस्थानिकांच्या दरबारी गवई नोकरीस असे तोपर्यंत त्याला वृत्तपत्राची गरज नव्हती. त्याचा श्रोता एक, त्याचा दाता एक, आणि त्याची कीर्ती एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत तोंडोतोंडी जाई. हा आश्रय आटू लागला आणि तिकीट काढून येणारा अनोळखी श्रोता पुढे आला, तेव्हा त्या श्रोत्याला गवयाचे नाव सांगणारे कोणीतरी हवे झाले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. सार्वजनिक जलसे, छापील पुस्तके आणि स्वतःचे मासिक या तिन्ही साधनांचा त्यांनी उपयोग केला. संगीत घरोघर पोहोचावे हे त्यांचे ध्येय होते आणि त्यासाठी प्रसिद्धी हे एक साधन होते. त्यांना कोणी जाहिरातबाज म्हणेल तर तो अन्याय होईल. संगीताला प्रसिद्धीची गरज का निर्माण झाली, हे मात्र त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

त्याच सुमारास तबकडी आली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या त्या गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असे. तिचे मूळ प्रयोजन तांत्रिक होते. परदेशी कारखान्यातील कामगारांना तबकडी ओळखता यावी म्हणून ते नाव घेतले जाई, असे सांगतात. पण श्रोत्याच्या कानी ती कलावंताची स्वमुखाने दिलेली ललकारीच होती. नाटक मंडळ्यांचेही तेच. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. त्याची स्मृती शंभर वर्षांनंतरही ताजी आहे, याचे श्रेय त्या दोन गळ्यांना आहेच; परंतु त्या प्रयोगाभोवती लिहिल्या-बोलल्या गेलेल्या शब्दांनाही त्याचा काही वाटा द्यावा लागेल.

या सर्व गजबजाटात स्वतंत्र बुद्धीने लिहिणारा समीक्षक कोठून यावयाचा? मराठीत तो आला, आणि चांगला आला. अमरावतीस जन्मलेले केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी आपल्या काळच्या गायक-गायिकांवर लेख लिहिले. पुढे ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या बोलपटांचे संगीत त्यांनीच दिले. म्हणजे ते ज्या गावाविषयी लिहीत होते त्याच गावात राहत होते. टोपणनावाचा एक लाभ उघड आहे. उद्या ज्यांच्या शेजारी बसावयाचे त्यांच्याविषयी आज खरे लिहावयाचे, तर मध्ये एखादा पडदा असलेला बरा. लंडनमध्ये १८८९ साली बर्नार्ड शॉ यानेही ‘कॉर्नो दि बासेत्तो’ असे विचित्र नाव धारण करून एका सायंदैनिकात संगीतपरीक्षणे लिहिली होती.

दुसरे उदाहरण वामनराव देशपांडे यांचे. त्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. त्यांचा चरितार्थ गाण्यावर चालत नव्हता, आणि म्हणून कोणत्याही गवयाची वा संयोजकाची मर्जी राखण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांचा कल जयपूर घराण्याकडे होता, असा आक्षेप काहींनी घेतला आहे. तो मान्य केला तरी पक्षपात आणि प्रसिद्धी या दोन वस्तू भिन्न आहेत. वामनरावांनी आपला कल कारणे देऊन मांडला. वाचकाला ती कारणे तपासता येतात आणि खोडूनही काढता येतात. प्रसिद्धीपत्रकात कारणेच नसतात. मग तपासावयाचे काय?

नभोवाणीचा इतिहास या बाबतीत फार बोधप्रद आहे. १९५२ साली केसकर मंत्री झाले आणि आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताला कात्री लागली. तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे एका दंतमंजनाच्या पैशावर लोकप्रिय गीतांची माला सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज देशभर ओळखीचा झाला. कोणते गीत पहिले आणि कोणते दहावे, हे ऐकण्यासाठी लोक बुधवारची वाट पाहत. तो क्रम ही वार्ता होती की जाहिरात? ती दोन्ही होती. लोकांना काय आवडले याची ती बातमी होती, आणि जे ‘आवडले’ म्हणून जाहीर झाले त्याची ती विक्रीही होती. १९५७ साली आकाशवाणीने विविधभारती सुरू केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर व्यापारी जाहिराती ऐकू येऊ लागल्या. म्हणजे देशातील अगदी आरंभीच्या तीन जाहिरात-केंद्रांपैकी एक आमच्या नागपूरचे होते. हा एक मोठा गुण मानला पाहिजे, की तेथे जाहिरात जाहिरातीच्या सुरात वाजत असे. ती गाण्याच्या निवेदनात मिसळलेली नसे.

ती मिसळली म्हणजे काय होते हे अमेरिकेने पाहिले आहे. तबकड्या वाजविणाऱ्या निवेदकांना कंपन्या गुप्तपणे पैसे देतात, असे उघडकीस आल्यावर तेथील संसदेच्या समितीने १९६० साली चौकशी केली आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. ॲलन फ्रीड या अत्यंत लोकप्रिय निवेदकाने १९६२ साली आरोप मान्य केला व त्याला दंड झाला. पैसे घेऊन गाणे वाजविण्यावर त्या कायद्याचा रोख नव्हता. पैसे घेतले आहेत हे श्रोत्यापासून लपवू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

हा सर्व व्यवहार पाहून विद्यापीठांतील संशोधकांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. पॉल हर्श या समाजशास्त्रज्ञाचा १९७२ सालचा निबंध या विषयात आजही आधारभूत मानला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पुस्तके, तबकड्या व चित्रपट काढणाऱ्या संस्थांना आपला कोणता माल खपेल हे आधी कळत नाही. म्हणून त्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक माल काढतात आणि त्यातील थोड्याच मालाच्या मागे बळ लावतात. हे बळ त्या लावतात ते ग्राहकावर नव्हे. ग्राहक लाखो असतात. त्या सर्वांना वश करणे अशक्य. परंतु ग्राहक आणि माल यांच्यामध्ये काही द्वारपाल उभे असतात. कोणाला आत सोडावयाचे हे वृत्तपत्रातील परीक्षक आणि नभोवाणीवरील निवेदक ठरवितात. तेव्हा या द्वारपालांना आपलेसे करणे हेच प्रसिद्धीचे मुख्य कार्य होऊन बसते. वैकुंठाच्या दारी जय-विजय उभे असतात. त्यांची ओळख असली म्हणजे आतल्या देवाची भेट सुलभ होते, त्यातलाच हा प्रकार.

कीथ नीगस या इंग्रज अभ्यासकाने १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात तबकडी-कंपन्यांच्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष काम कसे चालते याचे वर्णन केले आहे. लाच हा शब्द तेथे क्वचितच ऐकू येतो. प्रसिद्धीअधिकारी पत्रकाराशी स्नेह जोडतो, त्याला तबकडी आधी पाठवितो, मुलाखतीची वेळ मिळवून देतो. पत्रकाराला मजकूर हवा असतो, अधिकाऱ्याला जागा हवी असते. दोघांचीही नड भागते, आणि हळूहळू प्रतिकूल लिहिणाऱ्याला पुढची मुलाखत मिळेनाशी होते. येथे कोणी कोणाला विकत घेतलेले नसते. तरी विकत घेतल्याचे फळ मिळते. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या लहान गावांतही हेच घडते. फरक एवढाच की येथे कंपनी नसते, उत्सवमंडळ असते. मुलाखतीऐवजी पुढच्या रांगेतील खुर्ची आणि एक नारळ असतो.

आपल्या देशाविषयी पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली लिहिलेला ग्रंथ वाचण्याजोगा आहे. कॅसेट स्वस्त झाल्यावर मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील गाणी, भजने, लोकगीते बाजारात आली, असे त्यांनी दाखविले आहे. त्या काळात आमच्या पांढुर्ण्याच्या बाजारातही कॅसेटचे दुकान आणि त्याबाहेर दिवसभर वाजणारा कर्णा हे ओळखीचे दृश्य होते. तेथे परीक्षक नव्हता, वार्ताहर नव्हता. कर्णा हीच जाहिरात आणि रस्त्यावरचा माणूस हाच परीक्षक. त्या व्यवहारात एक प्रकारचा सरळपणा होता, हे मान्य केले पाहिजे.

आता आमच्या भागाविषयी. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके नागपूरच्या उत्तरेस, मध्यप्रदेशच्या हद्दीत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि सकाळचे मराठी वृत्तपत्र नागपूरहून येणारे, अशी आमची रीत. आता हे वृत्तपत्र आमच्याविषयी काय छापते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही तीरांवरून दगड चालतात, माणसे जखमी होतात आणि देशभरची वृत्तपत्रे त्या दिवशी आमचे नाव घेतात. दगड ही बातमी आहे, यात शंका नाही. पण त्याच गावांत वर्षभर भजनी मंडळांच्या बैठका होतात, सप्ताह होतात. तुकडोजी महाराजांनी विदर्भभर घुमविलेली खंजिरी आमच्याकडेही घुमते. त्याविषयी छापून येते ते एवढेच: अध्यक्षस्थानी अमुक होते, दीपप्रज्वलन तमुक यांनी केले, सूत्रसंचालन यांनी व आभारप्रदर्शन त्यांनी केले, आणि कार्यक्रमास मोठ्या संख्येने श्रोते उपस्थित होते. काय गायिले, कोणी गायिले, साथीला कोण बसले होते, याचा पत्ता नसतो. नावे असतात ती व्यासपीठावरच्या खुर्च्यांची. कारण तो मजकूर वार्ताहराने लिहिलेला नसतो. ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांनीच तो लिहून पाठविलेला असतो.

मी हे कोणाला दूषण देण्यासाठी सांगत नाही. माझे स्वतःचे हात त्यात मळलेले आहेत, आणि आरंभी दिलेले वचन पाळण्याची वेळ आता आली आहे.

सुमारे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी शाळेत शिक्षक होतो आणि हौसेखातर एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून काम करीत असे. गणेशोत्सवात एका मंडळाने बाहेरगावच्या गायकाचे गाणे ठरविले होते. गाणे रात्री व्हावयाचे आणि माझे पाकीट संध्याकाळच्या गाडीने नागपूरला जावयाचे. मंडळाच्या चिटणीसांनी दुपारीच एक कागद माझ्या हाती दिला. त्यात रात्रीच्या गाण्याचा वृत्तांत भूतकाळात लिहिलेला होता. गायकाने मैफल रंगविली, तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली, रसिक मंत्रमुग्ध झाले! एक दिवस उशीर झाला तर बातमी शिळी होईल, असा विचार करून मी तो कागद जवळपास जसाच्या तसा उतरवून काढला आणि पाकीट स्टेशनवर पोहोचते केले.

रात्री मुसळधार पाऊस आला. वीज गेली. तबलजी वाटेतच कोठे अडकले ते पोहोचलेच नाहीत. मांडवातील बहुतेक मंडळी घरी गेली. पन्नासएक माणसे तेवढी उरली. गायक उठून जातील असे वाटत होते. परंतु त्यांनी कंदील जवळ घेतला आणि साथीला कोणी आहे का, म्हणून विचारले. आमच्या गावच्या भजनी मंडळातील एक मजूर गृहस्थ खंजिरी घेऊन पुढे आले. त्या रात्री गायकाने शास्त्रीय ख्याल गायिला नाही. एकामागून एक अभंग गायिले. कर्णा नव्हता, म्हणून सर्वजण कंदिलाभोवती सरकून बसले. खंजिरीवरची ती बोटे काही वेळ गायकाच्या मागे चालली, मग बरोबरीने चालली आणि एका क्षणी गायकच थांबून तिच्याकडे पाहत राहिले. एवढे गाणे मी आयुष्यात ऐकले, पण त्या रात्रीसारखे थोडे.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझी बातमी आली. मैफल रंगली होती, तबल्याची साथ समर्पक झाली होती, आणि रसिक मंत्रमुग्ध झाले होते. घडलेली अद्वितीय गोष्ट मी पाहिली होती आणि न घडलेली सामान्य गोष्ट मी छापविली होती. दुरुस्ती पाठवावी असे मनात आले. पण मंडळाला वाईट वाटेल, दैनिक काय म्हणेल, असा विचार करून मी गप्प राहिलो. इतकी लहान बाब, कोणाच्या लक्षात राहणार?

ती एका माणसाच्या लक्षात राहिली. काही वर्षांपूर्वी ते खंजिरीवाले गृहस्थ नातवाला बरोबर घेऊन माझ्या दारी आले. गरजू वृद्ध कलावंतांना मिळणाऱ्या साहाय्यासाठी त्यांना अर्ज करावयाचा होता. कला सादर केल्याचा पुरावा म्हणून वृत्तपत्रांतील कात्रणे जोडावयाची होती. साऱ्या जन्मात त्यांनी शेकडो भजने साथीने सजविली. पण त्यांचे नाव छापून यावे असा प्रसंग त्यांना एकच आठवत होता. ते म्हणाले, “गुरुजी, त्या पावसाच्या रात्रीचं पेपरात आलं असंन नं? तुमी त होते तेथं.” मी जुनी कात्रणांची वही काढली. कात्रण होते. त्यात न आलेल्या तबलजीचे नाव होते. त्यांनी ते नातवाकडून वाचवून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग मलाच धीर देत म्हणाले, “जाऊ द्या गुरुजी, अंधारच व्हता.”

मी त्यांना माझ्या हाताने प्रमाणपत्र लिहून दिले. परंतु एका पारड्यात छापील कात्रण आणि दुसऱ्या पारड्यात इतक्या वर्षांनी स्मरणाने लिहिलेला कागद, यांत वजन कशाला यावयाचे हे मी सांगावयास नको. गाण्याची स्तुती जरा अधिक झाली तर कोणाच्या घरचे काय जाते, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. जागा मर्यादित असते. जे घडले नाही त्याने ती भरली, म्हणजे जे घडले त्याला ती उरत नाही. आणि न छापलेले नाव पुढे पुराव्याच्या वेळी नसल्यासारखेच असते.

संशोधकाच्या दृष्टीनेही हीच अडचण आहे. गेल्या शंभर वर्षांतील संगीताचा इतिहास लिहावयाचा तर जुने वृत्तपत्रांचे अंक हे एक मुख्य साधन. मोठ्या शहरांत इतर साधनेही सापडतात: ध्वनिमुद्रिका, आत्मचरित्रे, ‘संगीत कला विहार’सारखी १९४७ पासूनची मासिके. गोविंदराव टेंबे यांनी आपला संगीतव्यासंग लिहून ठेवला म्हणून त्या काळच्या बैठका आज आपल्याला दिसतात. आमच्यासारख्या सीमेवरच्या भागात मात्र वृत्तपत्रातील चार ओळी हाच बहुधा एकमेव लेख असतो. त्या चार ओळी प्रसिद्धीपत्रकाच्या असतील, तर पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला आमच्या गावात केवळ प्रमुख पाहुणे राहत होते, असेच वाटेल! म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी छापील वृत्तांत आणि मूळ पत्रक यांची शेजारी-शेजारी ठेवून तुलना करावी, मजकुरात ऐकणाऱ्यालाच कळतील अशा किती गोष्टी आहेत हे मोजावे, आणि श्रोत्यांपैकी जे हयात आहेत त्यांना विचारावे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे काम फार खर्चाशिवाय करता येईल.

यावर उपाय कोणता? प्रसिद्धी बंद करा, असे म्हणणे व्यर्थ आहे आणि अन्यायाचेही आहे. कलावंताला श्रोता हवा, श्रोत्याला कार्यक्रमाची खबर हवी. मैफलीच्या आधी येणारी सूचना ही प्रसिद्धीच आहे आणि ती उपकारक आहे. दोष आहे तो प्रसिद्धीने वार्तेचा वेष घेण्यात. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला आणि २०१० साली भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यावर अहवाल सादर केला. तेव्हा राजकारणाविषयी आपण जागे झालो. संगीताच्या पानाकडे मात्र तितक्या सावधपणे पाहिले गेले नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी हेच वृत्तपत्र झाले आहे. पैसे वा भेट घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, असे नियम २०२१ साली जाहिरात-व्यवसायाच्या मानक परिषदेने व २०२३ साली केंद्र शासनाने घालून दिले आहेत. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेने निवेदकांना जे सांगितले तेच हे: घ्या, पण लपवू नका.

आमच्यासारख्या हौशी वार्ताहरांसाठी मी स्वतःपुरते चार साधे नियम केले आहेत. जे ऐकले नाही त्याचा वृत्तांत लिहू नये. पत्रकावरून लिहावेच लागले तर ‘संयोजक कळवितात’ एवढे दोन शब्द घालावे. प्रत्येक वृत्तांतात, तेथे हजर असल्यावाचून कळणार नाही अशी निदान एक गोष्ट असावी: कोणता अभंग, कोणता राग, गाणे किती वाजता संपले, कोठे ते विस्कटले आणि कोठे सावरले. आणि जागा अपुरी पडली तर एका पाहुण्याचे नाव गाळावे, साथीदाराचे गाळू नये.

वाचकांनाही एक विनंती आहे. गावच्या गाण्याचा वृत्तांत चुकीचा आला आणि तुम्ही तेथे हजर असाल, तर संपादकाला एक पत्र लिहा. ते छापून येईल किंवा न येईल. पण ‘अंधार होता’ म्हणून सोडून देऊ नका. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मला सर्व काही दिसत होते. मी ते लिहिले नाही एवढेच.